जुनी दे, नवी घे

यशवंत,

तुझे हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले. मी विचारले, "दुसरे काही नाही?" ते म्हणाले, "दुसरे काय असणार? पन्नाशी ओलांडली होती, वजन बेसुमार होते आणि सांगूनही जिलबी सुटत नव्हती." त्यावर माझ्या तोंडून "जिंकलास" असा शब्द गेला, आणि तो बऱ्यापैकी मोठ्याने गेला. तुझी बायको शोभा दाराशी उभी होती. तिने चमकून पाहिले. ज्या घरात प्रेत आहे तिथे असे बोलू नये, हे मला कळते. तरी तो शब्द मी मागे घेतलेला नाही.

शोकसभेत लोकांनी तुझे गाव, मारलेल्या कुस्त्या, दुधाच्या गाडीवरची नोकरी, सगळे सांगितले. ते पुन्हा सांगण्याचे कारण नाही. ज्या कामात तुझी उमर गेली त्याचे नाव मात्र एकानेही घेतले नाही. एक जण 'समाजकार्य' म्हणाला आणि घाईने पाणी प्यायला. मी शाळेत व्याकरण शिकवले आणि तालमीत कुस्ती. दोन्हीकडे एकच सांगत आलो, की जे आहे ते नाव घेऊन सांगावे. तू सुया वाटायचास. नशेची इंजेक्शने घेणाऱ्या माणसांना तू नव्या सुया द्यायचास आणि त्यांच्या वापरलेल्या सुया परत घ्यायचास. सभेत हे कोणी म्हणाले नाही, म्हणून तुझा वस्ताद लिहितो आहे.

कुस्ती सुटलेला पैलवान ही अवस्था वाईट. भूक तशीच राहते, मैदान राहत नाही, आणि जुने सांधे आपली आठवण द्यायला लागतात. तुझा गुडघा एका लढतीत कायमचा गेला. रंगाचा खांदा त्याआधीच गेला होता. दुखते म्हणून इंजेक्शन घेतलेत. मग दुखायचे थांबले तरी घेत राहिलात. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत तालमीच्या माडीवर तुम्ही काही जुने पैलवान दुपारचे पडून असायचात. खाली नवी पोरे जोर काढत. मी जिन्यात उभा राहून विचारले की वरून उत्तर यायचे, "कंबरंचं औषध हाय, वस्ताद!"

रंगा म्हणजे गारगोटीचा रंगराव. तुम्ही दोघे एकाच आठवड्यात तालमीत आलात, तो तिकडून आणि तू आजऱ्याहून. मीच तुमची जोडी लावली. एका ताटात जेवलात, एका तांब्यातून थंडाई प्यायलात. जोडीदाराचे उष्टे हे उष्टे धरायचे नाही, ही तालमीची रीत. त्याच रीतीने माडीवरच्या कोनाड्यात एकच सिरिंज असे आणि ती सगळ्यांत फिरे. कोणी मागे सरला की दुसरा विचारी, "का रं, आमच्यातलं चालत न्हाय व्हय तुला?" एवढे ऐकले की तो मुकाट दंड पुढे करी. टोचून झाल्यावर त्या भोकावर कुस्तीच्या हौदातली माती चोळायची. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मुरवलेली तांबडी माती. खरचटल्यावर लावतो, म्हणून इथेही लावायची. दंड सुजत, गळवे धरत. मातीवर कोणाचा संशय गेला नाही.

मग रंगा वाळला. ज्याचे वजन पेलताना काटा कुरकुरायचा, त्याच्या कमरेवर लंगोट ठरेना. त्या आधीचे वर्षभर तू बापाला हाताशी म्हणून आजऱ्याला काजूच्या कारखान्यात होतास. परत आलास तो रंगाला उचलून दवाखान्यातच गेलास. त्याच्या रक्तात एड्सचा आजार निघाला. तुझे रक्तही त्यांनी तपासले. ते स्वच्छ निघाले. राजारामपुरीतल्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी तुला समोर बसवून सांगितले, की हा आजार ताटातून जात नाही, तांब्यातून जात नाही, पाठीवर हात ठेवल्याने जात नाही. तो एकाच्या सुईवरून दुसऱ्याच्या रक्तात जातो. त्या वर्षात रंगा माडीवर न येता एसटी स्टँडच्या मागे परक्यांच्या सुईने टोचून घेत होता, म्हणून माडीवरचे वाचले; तू लांब नसतास तर त्याच्या जोडीने तिथे गेला असतास, तेवढ्यावर तू वाचलास. यात तुझे कर्तृत्व काही नव्हते, असे तूच म्हणायचास. पुढच्याला कर्तृत्व म्हणावे लागेल.

तो रविवार मला स्वच्छ दिसतो. सकाळची मेहनत संपली होती, थंडाई घोटून झाली होती. रंगा काठी टेकत आला आणि जोत्यावर आपल्या जागी बसला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. तांब्या फिरत त्याच्याजवळ आला. शेजारच्याने तो रंगाला ओलांडून पलीकडे दिला. रंगाने हात पुढे केलेला होता. तो त्याने सावकाश मांडीवर ठेवला.

तू तो तांब्या हिसकावलास. रंगाच्या तोंडाला लावलास. मग त्याच तांब्याला तोंड लावून तूही प्यालास, आणि मिशा पुसत म्हणालास, "आता कुणाला पायजे?"

दोघे-तिघे मागे सरकले.

"ह्याला भिताय? आरं, भ्यायचं ते वर कोनाड्यात ठिवलंय की तुमी! आन त्येच दुपारी एकमेकाच्या दंडात घालताय. येडी का खुळी तुमी?"

खरोखर तसेच चालले होते. तांब्याची धास्ती घेतलेली तीच माणसे दुपारी माडीवर जाऊन एकाच सुईने टोचून घेत होती. तू वर गेलास, ती सिरिंज आणलीस आणि सगळ्यांसमोर जोत्याच्या दगडावर ठेचलीस. रंगा हसला. आजारपणात मी त्याला एवढ्या एकाच वेळी हसताना पाहिले.

तो फार दिवस राहिला नाही. शेवटच्या दिवसांत त्याने तुला जे सांगितले ते तू मला फक्त एकदा सांगितलेस. "यश्या, माझ्या जोडीला आनि कुणाला आनू नगंस." त्याला पोचवून आलास तेव्हा एकच प्रश्न उरला होता: माडीवरचे बाकीचे जगतात की रंगाच्या मागे जातात.

माझे उत्तर तयार होते. मी सगळ्यांना मारुतीपुढे उभे केले, नारळावर हात ठेवायला लावला आणि शपथ दिली. शपथा मोडल्या. मोडणार हे मलाही ठाऊक होते. शपथ मोडते तशी पुन्हा घेताही येते. पण शपथ मोडलेला माणूस तालमीत फिरकेना. तू माझ्याकडे आलास. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तू बसला नाहीस.

"वस्ताद, जिन्याखालची खोली पायजे."

"कशाला?"

"सुया ठिवायला. नव्या. जुनी आणून द्यायची, नवी न्यायची."

"तालमीत सुई येणार नाही."

"आवं, सुई आलीच हाय. जुनी आलीया. मी नवी आणतोय."

मी म्हणालो, यशवंत, व्यसन सोडवायचे सोडून तू त्याची सोय लावतो आहेस. तू म्हणालास, "सोडायला माणूस जित्ता लागतो, वस्ताद. तुमची शपथ मोडली की गडी तुमाला तोंड दावत न्हाय. एसटी स्टँडच्या मागं जातो, आन तितं वळख ना पाळख, कुणाची बी सुई घेतो. मी त्येला कायबी इचारत न्हाय. म्हणून तो माझ्याकडं येतो. आलेल्या माणसाला उद्या सोड म्हणता येतंय. गेलेल्याला काय म्हणायचं?"

यावर आपला वाद पुढे अनेक वर्षे चालला. शपथेवर माझा विश्वास आजही आहे. त्या दिवशी मात्र तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठलो.

खोलीचा निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. बैठक बोलावली. तात्या तेव्हा तालमीचे अध्यक्ष. गुळाच्या व्यापारात आवाज चढवून चढवून त्यांचा घसा कायमचा चढलेला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या तालमीनं पैलवान दिलं. उद्या लोक म्हणतील, गर्दुल्ल्यांचा अड्डा हाय. यश्याला आजपासनं दार बंद! काय म्हणणं हाय कुणाचं?"

तू उठलास. दोरीवर लंगोट वाळत होते. त्यातला तुझा काढलास, नीट घडी घातलीस आणि दोन्ही हातांवर ठेवून तात्यांपुढे धरलास.

"तात्या, नेसा."

"काय?"

"माझाच हाय. सोडा घालून धुतलाय. कडक उन्हात वाळलाय. नेसा की."

"हट! अक्कल हाय का तुला? दुसऱ्याचा लंगोट कोण नेसतंय का?"

"का न्हाय? धुतलाय म्हणलं की. आपुन एका ताटात जेवतोय, मग लंगोट का न्हाय?"

"आरं, ती रीत न्हाय! लंगोट ज्येचा त्येनंच नेसायचा. बारकं पोरगं बी सांगंल तुला."

"मग सुई ज्येची त्येनंच घ्यायची, ही रीत घाला आजपासनं. तेवढंच मागतोय मी."

मागून कोणीतरी फिस्सकन हसले. "नेसा की तात्या, मापाचा हाय!" असेही कोणीतरी म्हणाले. मग सगळी तालीम हसू लागली आणि तात्यांच्या मिशीलाही ते आवरेना. मी अनेक कुस्त्या पाहिल्या. अंगाला हात न लावता एवढा मोठा गडी चितपट केलेला पाहिला नव्हता. माझ्याकडे सगळे वळले. मी म्हणालो, "हौदात सुई सापडली, तर तुझे पाऊल तालमीत दिसणार नाही. किल्ली घे." बैठक संपली.

हौदात सुई कधीच सापडली नाही.

जिन्याखालच्या त्या खोलीत तू एक डबा आणि एक जाड कॅन घेऊन बसू लागलास. डब्यात नव्या सुया. त्या पुढे एका संस्थेकडून मिळू लागल्या. अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये जुन्या, म्हणजे टाकलेली सुई पुन्हा कोणाच्या हाताला येऊ नये. कॅन भरला की दवाखान्यात पोचवायचास; तिथे त्याची विल्हेवाट लागे. येणाऱ्याला नाव विचारायचे नाही, घर विचारायचे नाही. "जुनी दे, नवी घे." एवढेच. नवा कोणी आला तर मात्र त्याला बसवून सांगायचास, की सुई ज्याची त्याची; पाणी, वाटी, कापूस हेही ज्याचे त्याचे; आधी साबणाने हात धुवायचे; आणि भोकाला माती लावायची नाही. आमच्या माडीवरचे आधी आले. मग स्टँडच्या मागचे आले, रिक्षावाले आले, राजारामपुरीतल्या क्लासची चांगल्या घरची पोरे तोंडाला रुमाल बांधून आली. शपथ मोडून पळालेलेही परत आले. ते जिन्याखाली येत, आणि जाताना का होईना, मारुतीला हात जोडत. मी जोत्यावरून पाहत असे. कोणाला काही विचारले नाही. तुझ्या खोलीत तुझा कायदा.

एकदा चौकीत तुला तो कॅन घेऊन बसवून ठेवले. हवालदाराला वाटले, मोठा व्यापारी सापडला. मी गेलो. हवालदार माझा विद्यार्थी निघाला. उभा राहिला. मी म्हणालो, "हा जे गोळा करतो ते उघड्यावर पडले, तर उद्या तुझ्याच पोराच्या तळपायात घुसेल." त्याने कॅन उचलून तुझ्या हातात दिला. रस्त्यात तू मला म्हणालास, "वस्ताद, तुमी माझ्या बाजूचं कवापासनं झालासा?" मी सांगितले, मी कोणाच्या बाजूचा नाही, मी कॅनच्या बाजूचा आहे. तू हसलास, ते मला आवडले नव्हते.

मातीवरून मात्र मी हटलो नाही. "माती अंगाला लावायची, भोकाला न्हाय," हे तू भिंतीवर खडूने लिहिलेस, आणि ते वाचून मी तुझ्याशी महिनाभर बोललो नाही. ज्या मातीने आपल्याला उभे केले ती रोग देते, हे एका पैलवानाने लिहावे! तू म्हणायचास, माती चांगलीच आहे, तिची जागा कातडीच्या बाहेर. गळवे थांबली, हे खरे. डॉक्टरही तुझ्याच बाजूने बोलले. तरी हा वाद माझ्यापुरता अर्धा शिल्लक आहे. तू असतास तर आज चहाच्या वेळी पुन्हा काढला असता. आता एकट्याला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात, आणि तुझी बाजू मांडताना ती अधिक बरी वाटते. हे मला मान्य करायचे नव्हते.

दर वर्षी तू सगळ्यांना घेऊन रक्त तपासायला जायचास. निकालाच्या दिवशी मी शाळेतून थेट तालमीत येऊन बसायचो. काम आहे असे दाखवायचो. निवृत्त झाल्यावर तेही कारण उरले नाही, तरी येऊन बसायचो. तू गल्लीच्या तोंडाशी दिसलास की मी मान खाली घालून वर्तमानपत्र धरायचो. सगळ्यांचे स्वच्छ निघाले असेल तर तू दारातूनच शड्डू ठोकायचास. तो आवाज ऐकल्यावर मी पान उलटायचो. दर वर्षी पान उलटले. माडीवरचा एकही जण रंगाच्या मागे गेला नाही. एकही नाही, यशवंत.

आता तुझे एक गुपित मोडतो. ते ठेवायला तू मला सांगितले होतेस. पण ज्यांच्यासाठी ठेवायचे होते त्यांना आता त्याची गरज उरलेली नाही. एका सकाळी तू माझ्या शेजारी बसून, हवापाण्याचे बोलावे तसे म्हणालास, "वस्ताद, मी सोडलंय. लई दिस झालं. कुणाला बोलू नका."

मी विचारले, यात लपवण्यासारखे काय आहे? मी तर पेढे वाटले असते.

"म्हणूनच. पेढं वाटलं की मी सुधारलेला झालो. सुधारलेल्याकडं कोण येतंय? त्यास्नी वाटाया पायजे, ह्यो आपल्यातलाच हाय. माझी एक सुई मीच रोज काढून त्या कॅनात टाकतोय, त्यांच्यादेखत. नवीच. तेवढा एक खोटेपणा पदरात घ्या माझा."

लोक चांगले दिसण्यासाठी खोटे बोलतात. तू बिघडलेला दिसावास म्हणून वर्षानुवर्षे खोटे बोललास. लोक तुला गर्दुल्ला म्हणत, तात्यांचा मुलगा तुझ्या तोंडावर म्हणाला, आणि तू "व्हय की" म्हणून पुढची सुई काढून दिलीस. मी जवळ बसलो होतो. मला खरे ठाऊक होते. त्या वेळी जिभेवर आलेले गिळणे हे मला कुठल्याही कुस्तीपेक्षा जड गेले. तुला ते दिसले होते, कारण तू जाताना माझ्या खांद्यावर हात दाबलास. वस्तादाच्या खांद्यावर हात ठेवायचा नसतो. मी तो राहू दिला.

पुढे एकेकाने सोडले. सगळ्यांनी नाही. ज्यांनी सोडले त्यांनी स्वतःहून सोडले, आणि सोडल्याचे तुला सांगायला आले, तेव्हा प्रत्येकाला वाटे की आपण यश्याच्या पुढे गेलो. त्यांना तसे वाटू देण्याएवढा तू मोठा होतास. हे वाक्य तुझ्या तोंडावर मी म्हणालो नसतो. आता म्हणतो.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आजऱ्याला गेलो. या वयात एसटीचा तो प्रवास नको होता; तरी गेलो. अंगणात मांडव होता. बुद्धाच्या प्रतिमेशेजारी तुझा फोटो ठेवला होता, हौदात उतरण्याआधीचा. त्रिशरण, पंचशील झाले. माडीवरचे सगळे आले होते. एक टकला झाला आहे. एक आजोबा झाला आहे आणि नातवाला काखेतून खाली उतरवत नाही. एकाला साखरेचा आजार आहे आणि तो खिरीकडे बघत बसला होता. तात्याही आले होते, काठी घेऊन.

जेवणे उठली आणि मांडवाच्या कोपऱ्यात आवाज चढले. मुद्दा असा, की सोमवारपासून जिन्याखाली कोणी बसायचे.

"मी बसणार. मी सगळ्यात आधी आलतो यश्याकडं."

"तू? तुला पाच मिंटं गप बसाय येतंय का? तिथं कायबी इचारायचं न्हाय, ठावं हाय न्हवं?"

"आन तू सकाळी कवा उठतोस रं? गिऱ्हाईक काय तुझ्या घरी येणार हाय?"

"गिऱ्हाईक म्हणू नगंस! यश्या पावणं म्हणायचा."

"आरं, एकेक वार वाटून घ्या की लेकानू!" हे तात्या. "बेस्तरवार माझा. बघतो कोण न्हाय म्हणतोय."

आजोबा झालेल्याने नातवाला शेजारणीच्या मांडीवर दिले आणि बाह्या सारल्या. टकल्याने खुर्ची मागे ढकलली. गल्लीतली माणसे डोकावू लागली. तुझा धाकटा भाऊ ओशाळून माझ्याजवळ आला. "वस्ताद, जरा गप करा की त्यास्नी. दुखवट्याचं घर हाय. तुमचं ऐकतील."

ऐकले असते. मी नुसता खाकरलो असतो तरी सगळे गप्प झाले असते. आयुष्यभर वर्ग आणि तालीम मी खाकरूनच गप्प केली. मी खाकरलो नाही. खुर्ची त्यांच्याकडे वळवून घेतली आणि नीट बसलो.

"ओरडू दे त्यांना," मी तुझ्या भावाला म्हणालो. "ही सगळी माणसे आज मेलेली असती."